मेंढीला माया, सुनेला बोळा

मेंढीच्या तोंडात तुम्ही कधी बोळा कोंबला नाहीत, माझ्या तोंडात कोंबलात. आधी एवढं लिहून मोकळी होते, मग बाकीचं. पत्राच्या डोक्यावर नमस्कार लिहायचा असतो असं साक्षरतेच्या वर्गातल्या बाईंनी आम्हा म्हाताऱ्यांना शिकवलं होतं, पण तुम्ही जित्या असताना मी रोज सकाळी वाकून जेवढे नमस्कार केले तेवढे तुम्हाला पुष्कळ झाले. आत्याबाई, मी तुमची थोरली सून. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. तुमची मेंढरं विकून टाकली, मेंढवाड्याच्या जागी ऊस उभा आहे, आणि तुमच्या हाताखाली मुकी झालेली मी अठ्ठावन्नाव्या वर्षी वहीत लिहायला लागले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. येत असतं तर माझी लिहायची छाती झाली नसती, हेही खरं. येत्या मंगळवारी सकाळच्या एसटीनं मला बावड्याहून बारामतीला जायचं आहे. धाकटी लेक दुसऱ्यांदा पोटुशी आहे, सहावा महिना लागलाय, आणि पहिल्या खेपेसारखीच तिची झोप उडाली आहे. डॉक्टरणीपुढं मी तिच्या शेजारी बसणार. मागच्या वेळी त्या दवाखान्यात जे झालं त्यात लेक आणि नातू दोघं जायची वेळ आली होती. म्हणून जायच्या आधी तुमचा निकाल लावते.

माझं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण माझी आई पाठच्या भावाच्या वेळी खाटेवरच गेली, आणि बापाच्या घरात बाई म्हणून दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तुमच्या हातात पडले. तुम्ही गावाची सुईण, अख्ख्या बावड्यात तुमचा हात नावाजलेला. मी सोळा वर्षांची. सातवा लागला तशी मला झोप येईना. डोळा मिटला की आईची खाट दिसायची, रक्त टिपायला खाटेखाली पसरलेली राख दिसायची. दिवसा भाकरी थापता थापता हात थांबायचा, घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. एक दिवस चुलीपुढं तुम्ही एकट्याच होतात तेव्हा धीर करून म्हणाले, "आत्याबाई, मला लई भ्या वाटतंया." तुम्ही हातातली फुंकणीसुद्धा खाली ठेवली नाहीत. "भ्यायला पोटात वाघ हाय का काय?" म्हणालात. "माणसाचंच हाय न्हवं? मग. कामाला लाग, कामानं भ्या जातं." आणि पाटीभर बाजरी जात्यापाशी आणून ठेवलीत. बाजरी दळून झाली. भ्या होतं तिथंच होतं. माझी आई कशी गेली ते तुम्हाला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकदा नुसतं विचारलं असतंत की पोरी, आईची आठवण येते का, तर तुमच्या जिभेला काय फोड येणार होता?

कळा लागल्या तो दिवस अजून समोर आहे. आढ्याला दोर बांधलाय, मी दोराला धरून लोंबकळतेय, आणि तुम्ही माझ्याच लुगड्याचा पदर गुंडाळून त्याचा बोळा करताय. "आ कर." मी करते. "आता चाव. वरडलीस तर प्वार वर चढंल, मग मला बोल लावायचा न्हाई. आमच्या घरातल्या बायकांचा आवाज उंबऱ्याभायेर जात न्हाई." दिवस माथ्यावर येतो, कलतो. मी चावतेय. उजवीकडची दाढ कडकन मोडते, तिचा तुकडा कापडात अडकतो, आणि तेवढ्यात थोरला होतो. जगात आल्या आल्या त्यानं पहिली गोष्ट काय केली तर ओरडला. त्याला कुणी गप बस म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी ते लुगडं धुऊन तुम्ही दारातल्या दोरीवर वाळत घातलंत, पदराला पडलेली दातांची भोकं गल्लीला दिसतील असं. बायका आल्या. तुम्ही त्यांना बोटानं एकेक भोक दाखवलंत. "भिंतीला भिंत हाय, पर शेजारणीला सुदीक कळलं न्हाई. याला म्हनायचं घराणं." बायकांनी माना डोलावल्या. त्यातली एक मला म्हणाली, "नशीब काढलंस गं, असली सासू मिळाली." तिच्या अकलेला मी काय म्हणू. पदर माझा, दात माझे, मोडलेली दाढ माझी, आणि नाव तुमचं झालं.

हे सगळं मी तुमच्या अडाणीपणावर टाकून सोडून दिलं असतं. पण तुम्ही अडाणी नव्हतात, तीच तर माझी तक्रार आहे. माझ्या पाचवीच्या दिवशी ती काळ्या तोंडाची मेंढी पहिल्यांदाच व्यायला झाली. तुम्ही तिला पडवीत आणलंत. मी आतल्या खोलीत पडलेली, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतंय. मामंजी खोकतात, तर तुम्ही त्यांना हाकलता. "मागं सरा तुमी. आन् ते कुत्रं न्या आधी भायेर. भेदारली की कोकरू आत धरून बसती ती."

"अगं, पर मी निस्तं..."

"निस्तं न्हाई आन् फिस्तं न्हाई. तुमच्या खोकल्यानं माजी बाय अडंल."

मग तुमचा आवाज असा मऊ झाला की मला वाटलं घरात कुणी पाव्हणी आली आहे. "ये माजे बाय. भिऊ नगं. मी हाय न्हवं हितं. कण्ह, लागंल तेवढं कण्ह." तुम्ही तिच्या अंगावर घोंगडं टाकलंत, कोमट गुळाचं पाणी पाजलंत, आणि कितीतरी वेळ तिची पाठ चोळत बसलात. कोकरू सुखानं झालं. मला गुळाचं पाणी मिळालं ते त्याच संध्याकाळी, पाचवीला आलेल्या बायकांदेखत, त्यांनी बघावं म्हणून.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. भ्यालेला जीव अंग आवळून धरतो, आवळलं की जास्त दुखतं, दुखलं की आणखी भ्या वाटतं. त्यावर उपाय म्हणजे गर्दी हटवणं, जवळ बसणं, पाठ चोळणं, कण्हू देणं. एवढं सगळं तुमच्या हातात होतं, आणि ते मेंढरांना देऊन तुम्ही घरात रिकाम्या हातानं यायचात. मेंढी अडून मेली तर कळपात खड्डा पडतो. सून अडून मेली तर पोराला वर्षाच्या आत दुसरी बघता येते. एवढंच कारण असेल. दुसरं मला सुचत नाही, आणि मी काही थोडा विचार केलेला नाही.

पुढं माझी आणखी चार झाली. प्रत्येक वेळी बोळा. तिसऱ्या खेपेपासून तुम्हाला सांगावंही लागलं नाही, मीच पदर गुंडाळून तोंडात घ्यायची. तुमच्याबरोबर दुसऱ्यांच्या घरी बाळंतपणाला जायला लागले तशी नवख्या पोरींना मीच "आ कर" म्हणायची. त्या रडवेल्या झाल्या की माझं तोंड वाकडं व्हायचं. मला ताठा होता त्याचा, खोटं कशाला बोलू. आणि तुम्ही? शेवटी मांडीचं हाड मोडून पडलात तेव्हा आठ दिवस बोंबललात. उंबरा कसला, वेशीपर्यंत आवाज गेला. गल्ली हळहळली, "म्हातारीचं हाल बघवत न्हाईत" म्हणाली. घराण्याचं नाव तेव्हा कुणी काढलं नाही. तुमच्या तोंडात बोळा घालावा असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. घातला नाही, पाठ चोळत बसले. त्यात माझा मोठेपणा काही नाही. दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं.

आता लेकीचं. चार वर्षांपूर्वी ती पहिल्या खेपेला माझ्याकडं आली. बारावी शिकलेली, पिंपळीला दिलेली, जावई बारामतीला कंपनीत कामाला, दवाखान्यात नाव घातलेलं. सुईणींचं राज्य संपलं म्हणून मी निर्धास्त होते. ती आली तीच अर्धी होऊन. एकच तांब्या चार चार वेळा घासायची. बाळाचं टोपडं शिवायला दिलं तर सुई हातात धरून बसायची, टाका पडायचा नाही. सकाळी उठून बघावं तर ही भिंतीला टेकून बसलेली, अंथरुणाची घडी जशीच्या तशी. एका दुपारी आम्ही दोघी मटकी निवडत होतो. खाली मान घालूनच ती म्हणाली, "आई, मी ल्हान असताना तुला बघितलंय. धाकट्याच्या टायमाला. दाराच्या फटीतनं."

"काय बघितलंस?"

"तुज्या तोंडात कापड होतं आन् आजी वरनं दाबत होती. तुजं डोळं भायेर आल्यालं. मला वाटलं, आजी तुला मारतीया." मग तिनं मान वर केली. "आता डोळा मिटला की तेच दिसतंय. मला लई भ्या वाटतंय, आई."

चार वर्षांच्या पोरीनं ते बघितलं आणि अठरा वर्षं पोटात ठेवलं. ते तिनं माझ्यापुढं काढून ठेवलं तेव्हा मी काय म्हणावं? "भ्यायला पोटात वाघ हाय का काय?" वाक्य तुमचं, सूरही तुमचाच, हात झटकायची तऱ्हासुद्धा. ती पुन्हा मटकी निवडायला लागली. त्यानंतर त्या विषयावर अक्षर बोलली नाही, आणि मला वाटलं, चला, भ्या गेलं. इतकी मी शहाणी.

नवव्या महिन्यात तपासायला बारामतीला नेली. डॉक्टरीण तरणी, चष्म्याची, भराभरा बोलणारी. पोट तपासून झालं आणि तिनं लेकीला विचारलं, "रात्री झोप लागते का?"

"झोपती की. चांगली झोपती," मी म्हणाले.

"रडू येतं का? कशाची भीती वाटते?"

"न्हाय बाई, भ्यायला काय झालं? मला पाच झाल्यात."

डॉक्टरणीनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "आजी, मी तिला विचारतेय."

"ती लाजती."

लेक पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली होती. खरं सांगितलं तर घराची अब्रू जाईल असं मला वाटलं. कुठली अब्रू? ती बाई आम्हाला ओळखतसुद्धा नव्हती.

कळा सकाळी लागल्या, जीपनं बारामती गाठेपर्यंत अकरा वाजले. डॉक्टरणीनं तपासलं आणि लेकीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "फार आवळून धरलंयस अंग. घाबरलीयस ना? दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन देते, जरा सैल पडशील. देऊ?" लेकीनं तोंड उघडलं. मी तिच्या आधी बोलले. "नगं. आमच्यातल्या बाया असल्या सुया घेत न्हाईत. सोसती ती."

"तिला बोलू द्या की."

"तिचंबी तेच हाय. इचारा."

आणि मी लेकीकडं असं बघितलं की तिनं मान हलवली. "मत बदललं तर लगेच सिस्टरना हाक मारा," असं सांगून डॉक्टरीण ऑपरेशनला गेली, दुसऱ्या कुणाची तरी घाई होती. त्या खोलीत आणखी तीन बाया होत्या. एक नवऱ्याच्या नावानं ओरडत होती, एक सासूच्या, एक नुसतीच. सिस्टर एकटी. जिचा आवाज चढेल तिच्याकडं ती पळायची, तपासायची, हात धरायची, सुई द्यायची. मी त्या बायांकडं बघून नाक मुरडत होते. लेकीचा आवाज फुटायला लागला तसा मी माझ्या पदराचा बोळा करून तिच्या तोंडात दिला. दिला नाही, कोंबला. हा शब्द वहीत उतरायला मला दोन दुपारी लागल्या. सिस्टरनं लांबूनच डोकावून बघितलं, "तुमची अजून शांत आहे, हिला वेळ आहे," म्हणाली आणि दुसरीकडं वळली. आणि मी मनातून फुगले, आत्याबाई. तिथं ओरडणं म्हणजेच हाक मारणं होतं, आणि मी लेकीची हाकच बंद करून टाकली होती, पण ते कळायला डोकं लागतं.

दुपार कलली तेव्हा लेकीच्या दातांची पकड सुटली. मला वाटलं, डोळा लागला. डॉक्टरीण आत आली, तिनं एकदा बघितलं आणि बोळा ओढून काढला. "हे कुणी केलं?" तिनं लेकीची नाडी धरली. "कधीपासून अशी आहे ही? हाक का मारली नाहीत?" मी गप्प. वीस वर्षं दुसऱ्यांना गप्प बसवणाऱ्या बाईला गप्प बसणं चांगलं जमतं. पोट फाडून मूल काढावं लागलं. निळं पडलेलं, रडायला वेळ लावला त्यानं, सहा दिवस काचेच्या पेटीत होतं. डॉक्टरणीनं नंतर मला व्हरांड्यात गाठलं. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ती सगळे महिने घाबरलेली होती, हो ना? भ्यालेल्या बाईला अंग सैल सोडता येत नाही, मग कळ जास्त लागते. म्हणून तर मी विचारत होते. आधी कळलं असतं तर तिच्याशी बोलले असते, दुखणं कमी करायची तयारी ठेवली असती." मी तिच्या तोंडाकडं बघत होते आणि मला भिंतीपलीकडचा तुमचा आवाज ऐकू येत होता. तेच सगळं. फरक इतकाच की तिला ते पुस्तकातून शिकावं लागलं आणि ती ते बाईसाठी वापरत होती.

नातू वाचला, आता चार वर्षांचा आहे, घर डोक्यावर घेतो. लेकीनं मात्र कितीतरी दिवस त्याला आपणहून जवळ घेतलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडायची. मी शिरा नेला, डिंकाचे लाडू नेले, "ठेव" म्हणायची. गल्लीतली एक म्हातारी बघायला आली, म्हणाली, "आईच्या वळणावर गेली गं, एक आवाज केला न्हाई म्हनं." लेक हसली. तसलं हसणं मला पुन्हा बघायचं नाही. पिंपळीला गेल्यावर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. एकदा इकडं आली असताना पोराला न्हाऊ घालत होती, डोक्यावर पाणी ओतता ओतता म्हणाली, "डॉक्टरनं मला इचारलं होतं, आई. तुला न्हाई." एवढंच, पुन्हा कधी काढलं नाही. तुमचे सगळे टोमणे मी मनातल्या मनात परत फेडलेले आहेत. हे एक वाक्य मात्र मी तसंच ठेवून घेतलंय.

गेल्या आठवड्यात जावई मोटरसायकलवर आले. चहा पुढं ठेवला तर कपाकडं न बघता म्हणाले, "मामी, ती परत झोपत न्हाई. मंगळवारी डॉक्टरकडं न्यायचीय. म्हनली, आईला बोलवा."

"कशाला? परत गोंधळ घालायला?"

"मीबी तिला तेच म्हनलो," जावई म्हणाले. माणूस खरं बोलणारा आहे, त्याला दोष नाही. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तर म्हनली, मला भ्या तिचंच वाटतंय, तवा ती समूर बसू दे. तिच्यादेखत बोलायचंय मला."

मी त्यांना बरं म्हणाले आणि गोठ्यात जाऊन शेण काढलं. शेण काढून झालेलं होतं, तरी काढलं. लेकीला माझी माया नकोय, माफीही तिनं मागितलेली नाही. तिला मी तिथं गप्प बसून ऐकायला हवी आहे. दाराची फट, तुमचे हात, माझे डोळे, तिच्या तोंडातला माझा पदर, सगळं ती बोलेल, आणि डॉक्टरीण मधून मधून माझ्याकडं बघेल. बघू दे. भीती मला डॉक्टरणीची नाही, माझ्या जिभेची आहे. तिला तुमचं वळण आहे. कुणी बाई दुखतंय म्हणाली की ती आपोआप उठते.

हे कुठं पाठवायचं ते मला ठाऊक नाही, आणि घरात कुणाला वाचूनही दाखवणार नाही. वही ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी जाईल. एक मात्र कबूल करते. पडवीतल्या बाजेवर तुम्ही गेल्यापासून मीच बसते, आत्ताही ती रिकामी आहे. पण तुमच्यासमोर सून बाजेवर बसत नव्हती, म्हणून हे लिहायला मी इतके दिवस खाली जमिनीवरच बसले. गुडघे आखडलेत, तरी वर बसवलं नाही.

तर आत्याबाई, उद्या डॉक्टरीण विचारील. झोप लागते का, भीती कसली वाटते, कळा असह्य झाल्या तर सुई हवी का. लेक रडेल, मधेच थांबेल, शब्द शोधत बसेल, बसू दे. मी भर घालणार नाही, आणि माझ्या तोंडातून तुम्हीही बोलायचं नाही. उत्तर लेकीचं आहे, लेकीनंच द्यायचं.